आमच्या गल्लीचे दोन नकाशे

एम.ए. भूगोलाच्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय ठरवायचा होता. वर्गातल्या मुलांनी द्राक्षनिर्यात, लासलगावची कांदा बाजारपेठ, गोदावरीचे पूर असे विषय धरले. मी लिहून दिलं: सिडकोतली एक गल्ली. आम्ही राहतो तीच. मार्गदर्शक सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "ठीक आहे, पण गल्लीत तुम्ही मोजणार काय?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना मानवी भूगोल हा विषय मला खऱ्या अर्थानं समजत गेला. चाळिशीनंतर पुन्हा शिकायला बसलेल्या पुष्कळ जणी माझ्या ओळखीच्या आहेत. काम कसं झालं हे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी माहिती. शहराच्या पश्चिमेला सातपूर आणि अंबड अशा दोन औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. तिथल्या कामगारांना घरं हवीत म्हणून सिडको या सरकारी महामंडळानं टप्प्याटप्प्यानं घरांच्या सहा योजना केल्या. कागदावर या भागाचं नाव नवीन नाशिक, पण बोलताना सगळे सिडकोच म्हणतात, आणि पत्ता विचारला की पहिला प्रश्न येतो, "कितवी योजना?" १९८२ मध्ये नाशिकची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजार झाली. एवढी वाढ नुसत्या पाळण्यांनी होत नाही, माणसं बाहेरून यावी लागतात. ती कुठून आली हे आमच्या भागात भाजीच्या गाडीपाशी उभं राहिलं तरी कळतं. "कथा जाई राह्यनी व माय?" अशी हाक कानावर येते. अहिराणी. धुळे-जळगावकडची माणसं आणि आमच्या कसमादे पट्ट्यातली, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या तालुक्यांतली. मी स्वतः सटाणा तालुक्यातली, लग्न होऊन इथं आलेली.

सरांचा एक नियम होता: आधी नकाशा, मग प्रश्न. त्यामुळे सुरुवातीचे कितीतरी दिवस मी कुणाशी काही बोललेच नाही. मोजपट्टी, आलेख कागद आणि पेन्सिल घेऊन गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरं काढत गेले. प्रत्येक घराचा चौकोन, त्याचे मजले, दार कुठल्या बाजूला, पाण्याची टाकी, ओटा आहे की गेला, दुचाक्या किती. मूळ घरं बैठी आणि लहान होती. आता त्यांच्यावर एक-दोन मजले चढले आहेत. रोज ज्या घरांसमोरून जाते ती घरं कागदावर काढायला लागल्यावर एक गोष्ट दिसली. काही घरांना वर जाणारा जिना आतून आहे, काहींना बाहेरून, रस्त्यावर उतरणारा लोखंडी. आतला जिना असलेल्या घरात वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून. बाहेरचा जिना असलेल्या घरात वर भाडेकरू. कुटुंब वाढलं की खोली वाढली, हे एक. खोली वाढवून तिचं उत्पन्न केलं, हे दुसरं. दोन्हींचा खर्च जवळपास सारखा, पण घराकडे बघायची दृष्टी वेगळी. नकाशा काढल्याशिवाय हे माझ्या ध्यानात आलं नसतं. म्हणून या कामात उतरणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते की प्रश्नावलीची घाई करू नका. घरं, जिने, ओटे आधी नीट बघा.

मग प्रश्न. दुपारी दोन ते चार ही वेळ बायकांची. डबे गेलेले, पहिली पाळी अजून सुटायची, मुलं शाळेतून यायची. पुरुषांना गाठायचं तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी चहाच्या वेळेला. पहिला प्रश्न साधा ठेवला होता: तुम्ही मूळचे कुठले? उत्तर आलं की त्या तालुक्याचा रंग घराच्या चौकोनात भरायचा.

अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन हा मूळचा जर्मन नकाशाकार इंग्लंडमध्ये नोकरीला होता. त्यानं १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेचे तक्ते अभ्यासून १८८५ मध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच्या अंतरावर जातात; लांब जाणारी माणसं मोठ्या उद्योग-व्यापाराच्या केंद्रांकडे जातात; प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं. आता तेच नियम आमच्या गल्लीत रंग होऊन उतरायला लागले. खालच्या मजल्यांवरची बहुतेक घरं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतली. कळवणचं एक घर जिथं, तिथंच शेजारी किंवा समोर कळवणचीच आणखी दोन-तीन. कुणाचा भाचा, कुणाचा साडू, कुणाचा गावबंधू. १९७२ च्या दुष्काळात शेत पडीक राहिलं, एक जण सातपूरला लागला, त्यानं मेहुण्याला बोलावलं, मेहुण्यानं चुलतभावाला. नंतरच्या काळात आलेल्या एका काकांनी वेगळं कारण सांगितलं: डाळिंबावर तेल्या रोग आला, बाग उपटून टाकावी लागली, आणि धाकट्या भावाला शेत सोपवून ते अंबडला आले. कारण निराळं, वाट तीच. आधी आलेल्याच्या खोलीत वळकटी टाकायची, नोकरी लागली की वेगळी खोली बघायची.

पहिला नकाशा असा पूर्ण झाला. देखणा झाला होता. पण तो घेऊन पुन्हा ओट्यावर बसले तेव्हा एक आजी नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमच्या ह्यांचं गाव. माझं नाही."

तेव्हा कळलं की मूळचे कुठले या प्रश्नाला गल्लीतल्या सगळ्या बायकांनी सासरचं गाव सांगितलं होतं. मी स्वतः माझ्या घराच्या चौकोनात नवऱ्याच्या गावाचा रंग भरला होता, आणि त्यात वावगं काही आहे असं मनातही आलं नव्हतं. भारताच्या जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच येतं. रॅव्हनस्टाइननंही सांगून ठेवलंय की देशांतर्गत, जवळच्या अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे संख्येनं सर्वांत मोठं स्थलांतर आमच्या घराघरात घडत होतं आणि माझ्या नकाशावर त्याची खूणही नव्हती.

मग दुसरा नकाशा काढला. त्याच गल्लीचा, तेच चौकोन. फक्त प्रत्येक चौकोनात त्या घरातल्या बाईच्या माहेराचा रंग. एका घरात सासू आणि सून असतील तर दोन रंग.

हे दोन नकाशे शेजारी ठेवले तेव्हा जे दिसलं त्याचं आश्चर्य माझं अजून पुरतं ओसरलेलं नाही. सत्तरीच्या पुढच्या आजींची माहेरं सासरच्या गावापासून अगदी जवळ, बैलगाडीनं दिवसाभरात जाऊन यावं एवढ्यावर. नवऱ्यानं आयुष्यात एकदा गाव सोडलं, तिनं दोनदा सोडलं. पहिल्यांदा लग्नात, दुसऱ्यांदा नाशिकला येताना. शिवाय दोघं एकदम आलेच नव्हते. नवरा आधी येऊन नातेवाइकाच्या खोलीवर राहिला, घर लागलं तेव्हा बिऱ्हाड आलं. मधली वर्षं ती गावातच शेत, सासू-सासरे आणि लहान मुलं सांभाळत होती. कंपनीच्या पगारावर घर उभं राहिलं असं सगळे सांगतात. त्या पगारातून गावी पैसे कमी पाठवावे लागले, कारण गावातलं सगळं तिनं ओढलं, हे कुणी सांगत नाही. विचारलं की मात्र भरभरून सांगतात.

सुनांची गोष्ट निराळी. बऱ्याच जणींचं माहेर नाशिकमध्येच. सातपूर, पंचवटी, जेलरोड, नाहीतर याच सिडकोची दुसरी एखादी योजना. आईवडील कसमादेचे किंवा धुळ्याचे, पण मुलगी जन्मली आणि वाढली इथं. एका पिढीत माहेर आणि सासर यांतलं अंतर गावागावातून निघून शहराच्या पोटात आलं.

या अंतराचा परिणाम सणांवर सगळ्यात स्वच्छ दिसतो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मुऱ्हाळी न्यायला यायचा, झोके बांधले जायचे, गाणी व्हायची, चार-आठ दिवस ती पोर सासरच्या कामातून सुटायची. आता सून सकाळी स्वयंपाक आटोपून स्कूटीवरून माहेरी जाते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. मी एकीला विचारलं, बरं वाटतं का हे? ती म्हणाली, "आईला ताप आला तर मी अर्ध्या तासात पोहोचते. माझ्या सासूबाईंना आईच्या मरणाची बातमी दुसऱ्या दिवशी कळली होती." मग थोडं थांबून म्हणाली, "पण राहायला जाणं बंद झालं. एवढ्या जवळ आहे तर राहायचं कशाला, असं म्हणतात." अंतर कमी झाल्यानं काय मिळालं आणि काय गेलं, हे तिनं जितकं नेमकं सांगितलं तितकं मला नंतर लिहिता आलं नाही. लघुप्रबंधात मी तिचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं.

कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या उत्सवाचंही तसंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन होतं. पूर्वी त्यासाठी सगळी भाऊबंदकी गावी जमायची, सिडको रिकामी वाटायची असं जुनी माणसं सांगतात. आता कानबाई इथं बसते, वाजतगाजत मिरवणूक निघते आणि उलट गावाकडचीच माणसं बघायला येतात. रॅव्हनस्टाइनचा उलटा प्रवाह मला यात सापडला. रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, दळण घेताना आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं मूठ-मूठ गहू घेतात. आमच्या समोरच्या घरात दोन मुलीच आहेत. तिथल्या आजोबांनी एका वर्षी नातींच्या नावानंही गहू घेतले. भाऊबंदांत कुरकुर झाली, पण आजोबा ठाम राहिले, आणि पुढच्या वर्षी आणखी एका घरात तसं झालं. सामाजिक बदलावर मी जे काही वाचलं होतं त्यात चळवळी, कायदे, शिक्षण सगळं होतं. गव्हाच्या मुठीतून तो एका दारातून दुसऱ्या दारात जाताना मी इथं पाहिला.

मधल्या काळात सरांनी आम्हाला गिरणाऱ्याला नेलं. सिडकोचं काम करणाऱ्यांनीही तिथं यावं, असा त्यांचा आग्रह होता. नाशिकपासून जवळच्या या गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून आदिवासी कुटुंबं येतात आणि बागायतदार पिकअप घेऊन. भाव ठरतो, माणसं गाडीत चढतात, ऊन वर येण्याच्या आत चौक मोकळा. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षाची एकेक कामं निघतात: फुटवे काढणं, विरळणी, घड बुडवणं, शेवटी काढणी. पावसाळ्यात हीच माणसं आपापल्या डोंगरावर भात, नागली, वरई लावतात. गाडीत बसून सरांनी पावसाचा नकाशा उघडला. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे पाचशे-सहाशेच्या आसपास. पेठ-सुरगाण्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि तिथली माणसं दिवाळीनंतर कमी पावसाच्या पट्ट्यात मजुरीला उतरतात. कारण पाणी तिथं साठतं, कालव्यानं तिथं पोहोचतं, बाग तिथं उभी राहते. पाऊस कुठं पडतो यावर उपजीविका ठरत नाही, तो कुठं अडवला जातो आणि कुणाला दिला जातो यावर ठरते. वर्गात हे वाक्य मी वहीत उतरवलं असतं आणि पुढं गेले असते. गिरणाऱ्याच्या चौकात, कडेवर पोर घेऊन भाव सांगणाऱ्या बाईसमोर उभं राहून ते ऐकणं वेगळं. सिडकोत आलेल्यांना घर मिळालं, पत्ता मिळाला, रेशनकार्ड मिळालं. या कुटुंबांचं स्थलांतर दरवर्षीचं. ती जातात आणि परततात, म्हणून जनगणनेच्या तक्त्यांत त्यांची धड नोंदही होत नाही. या माणसांवर काम व्हायला हवं, आणि ते पेठ-सुरगाण्याच्या मुलामुलींनी करावं असं मला मनापासून वाटतं.

परत आल्यावर दिवसाचे आलेख काढायला घेतले. स्वीडनचा भूगोलतज्ज्ञ टोर्स्टन हॅगरस्ट्रँड यानं १९७० मध्ये मांडलेली पद्धत आहे. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर वेळ, आणि माणसाचा दिवस त्यावर एक रेघ. माणूस कुठवर जाऊ शकतो हे तीन गोष्टींनी बांधलेलं असतं, असं तो म्हणतो: शरीराच्या आणि साधनांच्या मर्यादा, इतरांच्या वेळेशी जुळवून घ्यावं लागणं, आणि कुठं प्रवेश आहे, कुठं नाही हे ठरवणारी सत्ता. दुसरी गोष्ट समजवायला मला उदाहरण शोधावं लागलं नाही. नळाला पाणी येण्याची वेळ, कंपनीच्या बसची वेळ, मुलांच्या व्हॅनची वेळ. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते आणि तिच्याबरोबर बाईची झोप, स्वयंपाक, सगळंच सरकतं. एका काकूंची रेघ जवळजवळ सरळ उभी निघाली: घर, पिठाची गिरणी, भाजी, देऊळ, घर. त्यांच्या सुनेची रेघ अंबडच्या कंपनीपर्यंत जाऊन, पाळणाघरावरून वळून घरी येते. नातीची कॉलेजरोड, तिथून मुंबई नाक्याजवळचा क्लास, मग घर. तीन रेघा एकाच कागदावर काढून काकूंना दाखवल्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी रेघ हलली नाही म्हणून त्या दोघींच्या गेल्या." पाळणाघर बंद असलं की मूल त्यांच्याकडेच असतं. तोंडी परीक्षेत मी सगळ्यात जास्त वेळ या एका कागदावर बोलले.

तिसरी मर्यादा, सत्तेची, सरांनी काळाराम मंदिराच्या दाराशी शिकवली. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढं वर्षानुवर्षं लढवला, आणि दार उघडलं नाही. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. कुणी कुठं उभं राहायचं, हा भूगोलाचाच प्रश्न आहे. आमच्या गल्लीत तो मी विचारला तेव्हा उत्तरं जड आली. गावात वस्त्या जातीप्रमाणे वेगळ्या होत्या. इथं अर्ज करून, हप्ते भरून घर मिळालं. शेजारी कोण यावं हे कुणाच्या हातात नव्हतं. त्यामुळे पहिल्या पिढीत भिंतीला भिंत लागून वेगवेगळ्या समाजांची माणसं राहिली, एकमेकांची मुलं सांभाळली. पुढं घरं विकली जाऊ लागली तसा विकणारा गिऱ्हाईक आपल्या माणसांत शोधू लागला. वाटपानं जे एकत्र आणलं होतं ते विक्रीनं हळूहळू वेगळं होतंय, असं माझ्या नकाशावर दिसतं. माझ्या मते संपूर्ण कामातला हा सगळ्यात काळजी करण्यासारखा भाग आहे, आणि एका गल्लीवरून शहराबद्दल बोलता येत नाही म्हणून तो इतरत्र कुणीतरी तपासायला हवा.

लघुप्रबंध स्वीकारला गेला. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी दुसऱ्या नकाशाची प्रत मागून घेतली. पुढची जनगणना २०२७ मध्ये होते आहे. मधल्या इतक्या वर्षांत सिडको पार बदलली आहे, पण आमच्या हातात आकडे २०११ चेच. प्रगणक दारात आला की बहुधा घरातला पुरुषच सगळ्यांची उत्तरं देतो. गल्लीतल्या बायकांशी मी बोलून ठेवलं आहे की जन्मस्थानाचा रकाना आला की आपलं आपण सांगायचं.

आता वरच्या मजल्यांचं काम सुरू केलं आहे, लोखंडी जिन्यांचं. तिथं उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेली तरुण मुलं राहतात, हजार किलोमीटरच्या पलीकडून आलेली, चार-पाच जणांत एक खोली. खालच्या काकांनी साडूच्या खोलीत जशी वळकटी टाकली होती तशीच यांची टाकलेली आहे. फक्त बिऱ्हाड आणायचं की नाही, हे यांचं अजून ठरलेलं नाही. प्रश्नावली हिंदीत करून घेतली आहे आणि दुपारची वेळ इथं चालत नाही, रात्री नऊनंतर जावं लागतं. माझा मुलगा सोबत येतो. पहिल्या खोलीत आईचं गाव कोणतं हेही विचारलं, आणि त्या पोरानं उत्तर देण्याआधी घरी फोन लावला.